निवडक माध्यमिक विद्यालयांचा विस्तार व समता

निवडक माध्यमिक विद्यालयांचा विस्तार व समता : प्रवेशपरीक्षा घेऊन मोजकेच विद्यार्थी स्वीकारणाऱ्या माध्यमिक विद्यालयास निवडक विद्यालय म्हणता येईल. अशा विद्यालयाच्या जागा, तुकड्या किंवा शाखा वाढविल्याने समाजाच्या निरनिराळ्या थरांतील मुलांच्या संधीवर कोणता परिणाम होईल, याची निर्णयापूर्वी करावयाची तपासणी म्हणजे समताप्रभाव-मूल्यमापन होय. तीत प्रवेश मिळालेल्या मुलांबरोबरच परीक्षेस बसूच न शकलेल्या आणि मूळ शाळांत मागे राहिलेल्या मुलांचाही विचार करावा लागतो. प्रत्यक्षात बहुधा पहिल्या गटाचीच मोजणी होते.

ही कल्पना पद्धतशीरपणे रूढ झाली ती इंग्लंडमध्ये. तेथे १९४४ च्या शिक्षण अधिनियमानंतर अकराव्या वर्षीच्या परीक्षेवरून मुलांची विभागणी करण्याची पद्धत सर्वत्र पसरली आणि १९६५ पासून ती हळूहळू मागे पडली. १९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर स्कूल काढण्यास बंदी केली. तथापि अस्तित्वात असलेल्या शाळांना वाढण्यास मोकळीक होती. त्यामुळे ‘विस्तार’ हाच वादाचा शब्द झाला. केंट परगण्यातील टनब्रिज येथील एका शाळेला सु. १५ किमी. दूर सेव्हनओक्स येथे शाखा काढण्याची अनुमती २०१५ मध्ये मिळाली, तेव्हा ही शाखा की नवी शाळा असा प्रश्न उपस्थित झाला. २०१० च्या समता अधिनियमानुसार सार्वजनिक संस्थांना आपल्या निर्णयाचा समतेवरील परिणाम लक्षात घ्यावा लागतो. २०१८ मध्ये अशा शाळांच्या विस्तारासाठी ५ कोटी पौंडांचा निधी जाहीर झाला, तेव्हा अर्जदार शाळांना गरीब मुलांच्या प्रवेशाची योजनाही सादर करावी लागली. भारतात अशा स्वरूपाची कायदेशीर पूर्वतपासणी नाही. प्रश्न मात्र आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण वऱ्हाडात सापडते.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी : या प्रदेशात माध्यमिक शिक्षणाचा प्रसार झाला तो निवडीच्या मार्गाने नव्हे. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांनी अमरावतीस सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले व पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्थेमार्फत खेड्यापाड्यांत माध्यमिक शाळांचे जाळे विणले. येईल त्याला शाळा आणि दूरच्याला वसतिगृह, असे त्या कार्याचे सूत्र सांगता येईल. निवडीचे तत्त्व येथे १९६० नंतरच्या दशकात शासकीय विद्यानिकेतनांच्या रूपाने आले. त्यांपैकी एक अमरावतीस होते. ग्रामीण भागातील हुशार मुले हेरून त्यांना निवासी शिक्षण द्यावे, हा त्यांचा उद्देश.

हीच कल्पना देशव्यापी प्रमाणावर नवोदय विद्यालयांत उतरली. १९८५-८६ मध्ये प्रायोगिक म्हणून जी पहिली दोन विद्यालये उघडण्यात आली, त्यांतील एक हरयाणातील झज्जर येथे व दुसरे अमरावती येथे होते. अमरावतीचे विद्यालय शहरालगत नवसारी येथे आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यांना ‘गतिनिर्धारक’ विद्यालये म्हटले. प्रत्येक जिल्ह्यास एक या हिशेबाने ती पसरत गेली. अकोला जिल्ह्याचे विद्यालय बाभूळगाव येथे आहे. तमिळनाडू राज्याने ही योजना स्वीकारली नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) परिसरातील सर्व मुलांसाठी एकच शाळा असावी असा जो आग्रह धरला होता, त्याच्याशी ही योजना विसंगत आहे, हा आक्षेप आरंभापासूनच घेण्यात आला. आचार्य राममूर्ती समितीनेही (१९९०) तिच्याकडे टीकात्मक दृष्टीनेच पाहिले. परंतु १९९२ च्या सुधारित कृतिकार्यक्रमात ती कायम राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने प्रवेशासाठी चाळणी लावण्यास मनाई केली, तरी नवोदय विद्यालयांची प्रवेशपरीक्षा त्यानंतरही चालू आहे.

जागांचे वाटप : सहावीच्या वर्गात बहुधा ८० जागा असतात. त्यांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी व एकतृतीयांश मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती व जमातींना जिल्ह्याच्या लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणात जागा मिळतात. मात्र हे प्रमाण अनुक्रमे १५ व ७·५ टक्क्यांहून कमी धरले जात नाही आणि दोन्ही मिळून ५० टक्क्यांवर जात नाही. इतर मागासवर्गांसाठी २७ टक्के आरक्षण २०२१-२२ पासून लागू झाले. उत्पन्नाची अट नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८,८८,४४५ होती. तीत अनुसूचित जाती सु. १७·५ व अनुसूचित जमाती सु. १४ टक्के होत्या. म्हणजे ८० पैकी १४ जागा पहिल्या व ११ दुसऱ्या गटाच्या वाट्यास येतात. अकोला जिल्ह्यात (लोकसंख्या १८,१३,९०६) हे प्रमाण सु. २० व ५·५ टक्के असल्याने तेथे १६ व, राष्ट्रीय किमान प्रमाण लागू होऊन, ६ जागा येतात. कागदावर ही रचना न्याय्य आहे. इंग्लंडमधील निवडक शाळांपेक्षा ती कितीतरी पुढची आहे, हे मान्यच केले पाहिजे. आता एक तुकडी वाढवून ८० च्या १२० जागा केल्या, तर प्रत्येक गटाच्या जागा दीडपट होतात. परंतु गटांमधील प्रमाण जेथल्या तेथेच राहते आणि गटाच्या आत कोणाला प्रवेश मिळतो, याविषयी तर काहीच कळत नाही. समताप्रभावाचा खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

जिल्ह्याची सीमा : एका वयोवर्षातील मुले लोकसंख्येच्या दीड टक्का धरली, तर अमरावती जिल्ह्यात ती सु. ४३ हजार होतात. म्हणजे सु. ५४० मुलांमागे नवोदयची एक जागा. याच हिशेबाने अकोल्यात सु. ३४० मुलांमागे एक जागा पडते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला व त्यालाही पुढे विद्यालय मिळाले. वाशीमची लोकसंख्या ११,९७,१६० असल्यामुळे तेथे सु. २२५ मुलांमागे एक जागा येते. जुना अखंड अकोला जिल्हा (सु. ३० लाख) व अमरावती जिल्हा (सु. २९ लाख) लोकसंख्येने जवळजवळ सारखे, पण एकास दोन विद्यालये आणि दुसऱ्यास एक. मंगरूळपीर तालुक्यातील मुलाची संधी महसुली फेररचनेने वाढली आणि दर्यापूरच्या मुलाची होती तेवढीच राहिली. विस्तार करावयाचा तर तो ‘जिल्ह्यास एक’ या मोजमापाने करणे सोयीचे असते, न्याय्य असतेच असे नाही.

ग्रामीण कोण? : नियमानुसार तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्ता ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण केलेला विद्यार्थी ग्रामीण ठरतो. यांपैकी एखादा दिवस जरी तो शहरी शाळेत असला, तरी तो शहरी गणला जातो. शहरातील मुलांनी ग्रामीण जागा बळकावू नयेत, हा नियमाचा हेतू योग्यच आहे. परंतु वऱ्हाडातील अनेक लहान गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच असते. पाचवीसाठी जवळच्या मोठ्या खेड्यातील शाळेत गेलेला मुलगा ग्रामीण राहतो. तोच अचलपूर किंवा मूर्तिजापूरसारख्या गावातील शाळेत गेला, की शहरी होतो. शेतमजुराच्या मुलाची शाळा त्याच्या नातेवाइकांच्या सोयीने ठरते, ही गोष्ट येथे विसरली जाते. उलटपक्षी अमरावती वा अकोला शहराला चिकटून असलेल्या खेड्यातील शिक्षकाचा किंवा ग्रामसेवकाचा मुलगा, शहरातील शिकवणी वर्गास जाऊनही, निःसंशय ग्रामीण ठरतो. दोघांचीही नोंद एकाच रकान्यात होते. (या परीक्षेची मार्गदर्शक पुस्तके शिष्यवृत्ती परीक्षेच्या पुस्तकांशेजारी दुकानात मांडलेली असतात, ती कोण विकत घेतो, याची पाहणी कोणी केली तर बरेच काही कळेल.) म्हणून मूल्यमापनात ग्रामीण-शहरी या जोडीऐवजी पालकाचा व्यवसाय, जमीनधारणा आणि शाळेचे शहरापासूनचे अंतर यांची नोंद हवी.

मेळघाट : धारणी व चिखलदरा हे दोन तालुके अमरावती जिल्ह्याच्या अनुसूचित जमातींच्या लोकसंख्येपैकी निम्म्याहून अधिक भाग सामावून घेतात. जमातींच्या ११ जागांपैकी प्रमाणाने किमान ६ तेथे जावयास हव्यात. पण आरक्षण जिल्हानिहाय असल्याने तसे बंधन नाही. सपाटीवरील तालुक्यांतील, रस्त्यालगतच्या शाळांत शिकलेली गोंड व इतर जमातींची मुले त्याच जागांसाठी स्पर्धेत असतात.

परीक्षेची घडण येथे महत्त्वाची ठरते. १०० गुणांपैकी ५० बौद्धिक क्षमतेस, २५ अंकगणितास व २५ भाषेस असतात. बौद्धिक क्षमतेचे प्रश्न आकृत्यांचे असतात, ते भाषेच्या अडसरावर उपाय म्हणूनच. तरीही उरलेल्या गुणांची अडचण राहतेच. कोरकू ही मुंडा भाषासमूहातील भाषा असून मराठीशी तिचे नाते नाही. मेळघाटातील मूल मराठी किंवा हिंदी उत्तरपत्रिका निवडते तेव्हा ते शाळेत शिकलेल्या परक्या भाषेत उत्तर देत असते, आणि सपाटीवरील मूल घरच्या भाषेत. परीक्षेस एकदाच बसता येते; भाषा जरा उशिरा आत्मसात करणाऱ्यास दुसरी संधी नाही. शिवाय अर्ज ऑनलाइन भरावयाचा असतो आणि पुढे जातीचा दाखला सादर करावा लागतो. धारणीपासून अमरावती सु. १५० किमी. आहे. अशा स्थितीत नवसारीच्या विद्यालयात एक तुकडी वाढविल्याने मेळघाटाच्या वाट्याला किती जागा येतील, हे केवळ आरक्षणाच्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते जागा वाढवावयाच्याच असतील, तर निदान वाढीव जागा तालुकानिहाय बांधून द्याव्यात.

मुलींच्या बाबतीत परिस्थिती तुलनेने साधी आहे. एकतृतीयांश हे किमान प्रमाण आहे, कमाल नव्हे, आणि निवासी शाळेत मुलगी पाठविण्यास पालक धजावतात की नाही, हे वसतिगृहाच्या सुरक्षिततेवर ठरते.

मागे राहिलेल्या शाळा : अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत. ८० विद्यार्थी सर्वत्र सारखे वाटले, तर दर तालुक्यामागे सहाही येत नाहीत. एवढ्या लहान संख्येने जिल्हा परिषदेच्या शाळा ओस पडत नाहीत, असा युक्तिवाद केला जातो व तो संख्येपुरता खरा आहे. परंतु परिणाम संख्येचा नसतो. अनेक गावांतील शिक्षक वर्गातील चार-पाच मुलांना सकाळी लवकर बोलावून नवोदयची तयारी करून घेतात. कोठे त्यामुळे सगळ्या वर्गाचे अंकगणित सुधारते. कोठे उरलेली पंचवीस मुले फळ्यावरचे उतरवून घेत बसतात. या दोहोंपैकी काय घडते हे शिक्षकावर व शाळेतील शिक्षकसंख्येवर अवलंबून असते. गतिनिर्धारक विद्यालयाने भोवतालच्या शाळांना पुढे न्यावे, ही १९८६ ची अपेक्षा होती. तिची कसोटी विद्यालयाच्या स्वतःच्या निकालात मिळणार नाही. निवडून घेतलेल्या मुलांचे दहावी-बारावीचे निकाल उत्कृष्ट लागतात, यात निवडीचा वाटा किती व अध्यापनाचा किती, हे त्या निकालावरून कळत नाही.

खर्च : डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २८ नवोदय विद्यालयांना मंजुरी दिली. महाराष्ट्रातील त्यांपैकी एक ठाणे जिल्ह्यासाठी आहे. प्रत्येकी ५६० प्रमाणे १५,६८० विद्यार्थ्यांची सोय व पाच वर्षांसाठी २,३५९·८२ कोटी रुपये खर्च असा अंदाज होता. इमारती धरून एका जागेमागे सु. १५ लाख रुपये पडतात. एवढ्या रकमेत चौथीपर्यंतच्या किती शाळांना पाचवीचा वर्ग जोडता येईल, किंवा तालुक्याच्या ठिकाणी किती वसतिगृहे उभी राहतील, हा पर्याय शेजारी मांडल्याशिवाय विस्ताराचे मूल्यमापन अपुरे राहते. पंजाबरावांच्या काळात नेमका हाच पर्याय निवडला गेला होता. मात्र निवासी विद्यालयातील एकाच भोजनगृहात जेवणारी, एकाच खोलीत राहणारी निरनिराळ्या जातींची मुले हा जो लाभ आहे, तो रुपयांत मोजता येत नाही; तोही हिशेबात धरावयास हवा.

नोंदींचा प्रश्न : मूल्यमापनासाठी पात्र, अर्जदार, परीक्षेस बसलेले, निवडलेले, प्रत्यक्ष दाखल झालेले व बारावीपर्यंत टिकलेले अशा प्रत्येक टप्प्याची तालुकानिहाय व गटनिहाय आकडेवारी लागते. यांतील शेवटचा टप्पा सर्वांत दुर्लक्षित आहे. दहा-अकरा वर्षांचे मूल पहिल्या काही आठवड्यांत घरच्या ओढीने परत जाते, तेव्हा त्याची जागा प्रतीक्षायादीतून भरण्यात येते. पुढे नववीत व अकरावीत रिक्त जागांवर स्वतंत्रपणे प्रवेश दिला जातो. त्यामुळे विद्यालयाची पटसंख्या पूर्ण दिसते आणि परत गेलेले मूल कोणत्या तालुक्यातील होते, हे तीवरून समजत नाही.