म्हातारपण वेगळे, अपंगत्व वेगळे

आमच्या गावात एक जुने सुतार आहेत. सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो. वय बहात्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. जीव वाचला, पण पाय ओढत चालू लागले आणि पुढे घराबाहेर पडणेच थांबले. २०२५ च्या दिवाळीत मी गावी गेलो, तेव्हा ते ओटीवर बसले होते. मी विचारले, "अण्णा, अपंगत्वाचा दाखला काढलात का?" ते हसले. "अरे, तो दाखला पोरासोरांना. आता माझं वय झालं. म्हाताऱ्याला दाखला कसला?"

वाचकहो, अण्णांसारखेच आपण पुष्कळजण समजतो. तरुणाचा पाय गेला तर ते अपंगत्व, आणि म्हाताऱ्याचा गेला तर ते वय! कायदा असे म्हणत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार सांगितले आहेत. चालण्याफिरण्याचे, दृष्टीचे, ऐकण्याचे, तसेच कंपवातासारख्या मज्जासंस्थेच्या आजाराने येणारे अपंगत्व त्यात येते. अमुक वयानंतर दाखला मिळणार नाही, अशी अट त्यात कोठेही नाही.

इंग्लंडचे उदाहरण पाहा. तेथे चालण्याफिरण्यास अडचण असणाऱ्यांना सरकार खास भत्ता देते. पण त्याचा अर्ज निवृत्तीवेतनाच्या वयाच्या आत करावा लागतो. ते वय उलटल्यावर पाय गेला, तर देखभालीसाठी निराळा भत्ता आहे. तो १९७१ पासून चालू आहे, पण चालण्याफिरण्यासाठी त्यात काही नाही. ज्याला आधीपासून मिळत होते त्याचे चालू राहते, नव्याला मिळत नाही. तेथे वयाने दार बंद होते. आपल्याकडे दार उघडे आहे, आपणच ते वाजवीत नाही.

आता दाखला काढून काय मिळते, ते पाहू. पासष्ट वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी आपल्या राज्यात श्रावणबाळ योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते. तिचे महिना १५०० रुपये अण्णांना मिळतच होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांतील अपंग लाभार्थ्यांचे मानधन हजार रुपयांनी वाढवून २५०० केले. म्हणजे एकाच ओटीवर दोन म्हातारे बसले असतील, दोघांचेही पाय गेले असतील, तरी ज्याच्याजवळ दाखला आहे त्याला हजार रुपये अधिक. वर्षाचे बारा हजार होतात. गरिबाच्या घरी औषधपाण्याला ही रक्कम लहान नव्हे.

एस.टी.चेही तसेच. पंचाहत्तरीनंतर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे, आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयात अर्धे भाडे. अपंगाला मात्र साध्या गाडीत पाऊण भाडे माफ असते, आणि अपंगत्व मोठे असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते. ज्याला एकट्याने गाडीची पायरी चढवत नाही, त्याच्या दृष्टीने सोबत्याची सवलत हीच खरी सवलत. रेल्वेने वृद्धांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, पण काही ठराविक प्रकारच्या अपंगांची सवलत तशीच ठेवली.

दाखला कसा काढायचा? केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज भरावा. आधार कार्ड, फोटो आणि औषधोपचाराचे कागद लागतात. मग सरकारी रुग्णालयात डॉक्टर तपासतात आणि अपंगत्वाचे शेकडा प्रमाण ठरवितात. बहुतेक सवलतींना ते निदान ४० टक्के असावे लागते. कागदावर 'अपंग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द दिसेल, त्याने गोंधळू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नुसत्या दुखण्यावर दाखला मिळत नाही. डॉक्टर कायमची उणीव मोजतात. मोतीबिंदूने दिसत नसेल तर आधी शस्त्रक्रिया करून घ्यावी. ती मोफत होऊ शकते, आणि दाखल्यापेक्षा दृष्टी केव्हाही मोलाची. अर्धांगवायू झाला असेल तर साधारण सहा महिने उपचार होऊ द्यावेत, मग तपासणीस जावे.

आणि ज्यांचे प्रमाण चाळिसाच्या खाली भरते, त्यांचे काय? त्यांनीही निराश होऊ नये. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठ वर्षांवरील गरीब वृद्धांना काठी, कुबड्या, वॉकर, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी अशी साधने फुकट देतात. त्यासाठी शिबिरे भरतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. तिच्यात पासष्ट वर्षांवरील व्यक्तीच्या बँक खात्यात अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये जमा होतात. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत हवे. शिवाय प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्चावी, असा नियम आहे. ती रक्कम कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत कोणीही विचारू शकतो. दवाखान्याच्या किंवा पंचायतीच्या पायऱ्यांशेजारी उताराची वाट नसेल, तर तीही तेथेच मागावी.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. अर्ज संगणकावर भरायचा, संदेश मोबाईलवर यायचा, तपासणीला तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचे. सत्तरीच्या माणसाला हे एकट्याने झेपत नाही. वर्गातील मुलांना एवढेच विचारा, "तुमच्या घरी आजी-आजोबांना चालता येते का? दिसते का? ऐकू येते का?" जेथे 'नाही' असे उत्तर येईल, तेथे एक अर्ज भरून द्या. आणि दाखला हाती आला की त्याची प्रत तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत आठवणीने द्यावी. तेथे नोंद झाल्याशिवाय वाढीव मानधन सुरू होत नाही.

अण्णांचे काय झाले? त्यांच्या नातवाने अर्ज भरला. तपासणीच्या दिवशी आम्ही दोघांनी त्यांना धरून गाडीत बसविले. दाखला मिळाला, पुढे वॉकरही मिळाला. परवा ते त्याच्या आधाराने देवळाच्या पारापर्यंत आले आणि मित्रांमध्ये तासभर बसले. दोन वर्षांत ते अंगणापलीकडे गेले नव्हते. मला म्हणाले, "अरे, हे तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर?"

तुमच्या गल्लीतही असा एखादा ओटा असेल. आज संध्याकाळी तेथे जाऊन हे सांगा.