थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आयोडीन घ्यायचे की नाही?

गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला, बाया उठल्या, पण एक ताई मागे थांबल्या. पिशवीतून फाईल काढून म्हणाल्या, "गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ कॅन्सरची निघाली. जाऊबाईंच्या माहेरी एकीला आयोडीन दिलं होतं. मला डॉक्टर म्हणतात, गरज नाही. आम्ही गरीब म्हणून तर नाही म्हणत ना?" आजचे बोलणे त्यांच्या या प्रश्नावर.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूची फुलपाखरासारखी ग्रंथी. मिठातून, अन्नातून मिळालेले आयोडीन ती ओढून घेते. या ग्रंथीच्या कॅन्सरचे पॅपिलरी आणि फॉलिक्युलर असे दोन प्रकार जास्त आढळतात. त्यांच्या पेशींनाही बहुधा आयोडीन ओढायची सवय राहते. म्हणून किरणोत्सारी आयोडीन गोळीतून किंवा पाण्यासारखे प्यायला देतात. ते त्या पेशींत जाते आणि त्यांना आतून मारते. हे मशीनखाली झोपून लाईट घेणे नव्हे, आणि यात केमोसारखे केसही जात नाहीत. मेड्युलरी नावाच्या प्रकारात पेशी आयोडीन घेतच नाहीत, तिथे या औषधाचा उपयोग नाही.

हे औषध आपल्याकडे नवे नाही. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

मग ते सगळ्यांना का देत नाहीत? पूर्वी पुष्कळांना देत असत. पुढे डॉक्टरांनी तपासून पाहिले. फ्रान्समध्ये ७७६ जणांचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये छापून आला. सगळ्यांची ग्रंथी पूर्ण काढलेली, गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची, मानेत पसरलेली नाही. निम्म्यांना आयोडीन दिले, निम्म्यांना नाही. तीन वर्षांनी दोन्हीकडे शंभरातले जवळजवळ ९६ जण ठीक होते. म्हणजे अशा लहान गाठीत आयोडीन न देणे ही हयगय नाही, काटकसरही नाही. उगाच दिले तर तोंड कोरडे पडणे, गालाखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजणे, चव जाणे हा त्रास मात्र पदरात पडतो. त्या ताईंच्या कागदावर गाठ दीड सेंटिमीटरची, ग्रंथीच्या आतच, असे लिहिलेले होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. गाठ ग्रंथीबाहेर घुसली असेल, मानेतल्या बऱ्याच गाठींत कॅन्सर सापडला असेल, रक्तवाहिन्यांत शिरला असेल, किंवा फुप्फुसात, हाडात गेला असेल, तर आयोडीन टाळून चालत नाही. "आता बरं वाटतंय, दिवाळीनंतर बघू" असे तिथे म्हणू नये. मधल्या प्रकारात डॉक्टर वय, रिपोर्ट आणि थायरोग्लोब्युलिनची रक्ततपासणी पाहून ठरवतात. ग्रंथी पूर्ण काढल्यावर हा आकडा अगदी खाली यायला हवा. तो वर राहिला तर कुठेतरी पेशी उरल्या असाव्यात. अर्धीच ग्रंथी काढली असेल तर सहसा आयोडीन देत नाहीत, कारण उरलेली अर्धी ग्रंथीच ते सगळे पिऊन टाकते.

म्हणून ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा कागद जपून ठेवा. आम्ही पाहतो, बिलाची पावती कपाटात असते आणि हा कागद हरवलेला असतो. नगर सोडून पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांकडे गेलात तरी ते आधी तोच मागतात.

आता बायकांचे खास. पोटात मूल असेल तर हे औषध अजिबात घ्यायचे नाही. पाळी चुकली असेल तर लाजू नका, सासूबाई शेजारी बसल्या असल्या तरी डॉक्टरांना सांगा. अंगावर पाजत असाल तर दूध किमान सहा आठवडे आधी बंद करावे लागते, आणि त्या बाळाला पुन्हा पाजता येत नाही. लहान बाळ असलेल्या बाईने "काही महिने थांबले तर चालेल का?" हे जरूर विचारावे. हा आजार बहुधा सावकाश वाढतो, त्यामुळे अनेकींना थांबता येते. औषधानंतर सहा महिने ते वर्षभर दिवस राहू देऊ नयेत.

औषध ठरले की आधी आठवडा-दोन आठवडे आयोडीनचे मीठ बंद. समुद्रातली मासळी बंद, दूध-अंडी कमी. घरात एकच मिठाची बरणी असते, तेव्हा तुमची भाजी वेगळी काढून ठेवावी लागेल. थायरॉइडची गोळीही काही आठवडे थांबवतात किंवा त्याऐवजी इंजेक्शन देतात. त्या दिवसांत अंग जड होते, झोप येते, खुरपणी-धारा जमत नाहीत. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

डोस मोठा असेल तर दवाखान्यात वेगळ्या खोलीत राहावे लागते. घरी आल्यावरही काही दिवस वेगळे झोपायचे, नातवाला मांडीवर घ्यायचे नाही, गरोदर सुनेपासून लांब राहायचे. या किरणोत्सारी आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो, शिवाय बरेचसे लघवीवाटे निघून जाते. एका खोलीचे घर असेल, संडास सामाईक असेल, परत येताना भरल्या एसटीत बसायचे असेल, तर हे सगळे डोस घेण्याआधी सांगा. खर्च महात्मा फुले योजनेत बसतो का, हेही रेशनकार्ड घेऊन त्याच वेळी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

त्या ताईंना आयोडीन लागले नाही. थायरॉइडची गोळी मात्र रोज पहाटे उपाशीपोटी, आणि सहा महिन्यांनी मानेची सोनोग्राफी व रक्ततपासणी. तारीख त्यांनी गटाच्या वहीतच लिहून ठेवली आहे.