मुक्या रोग्यांचा वैद्य

मुलांनो, आजारी पडल्यावर 'पोटात दुखते' एवढे आपण सांगतो आणि डॉक्टरांचे निम्मे काम हलके होते. गाय किंवा बैल हे कसे सांगणार? गुरांच्या डॉक्टरांना रोग्याच्या शब्दांवाचूनच त्याचे दुखणे ओळखावे लागते.

इंग्लंडमधील यॉर्कशर प्रांतात थर्स्क नावाचे गाव आहे. तेथे १९४० पासून जेम्स आल्फ्रेड वाइट हे गुरांचे डॉक्टर म्हणून काम करीत. जेम्स हेरियट या टोपणनावाने त्यांनी आपले अनुभव लिहिले. त्यांवरून बी.बी.सी.ने 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' ही दूरचित्रवाणी मालिका तयार केली व ती १९७८ ते १९९० या काळात दाखविली गेली. तीत राजवाडे नाहीत, लढाया नाहीत. थंडीत बाह्या सारून, हाताला साबण लावून, अडलेल्या गाईच्या पोटातील वासरू वळविणारा डॉक्टर आहे आणि शेजारी श्वास रोखून उभा राहिलेला शेतकरी आहे. एवढ्यावर लक्षावधी लोक खिळून राहिले!

असा प्रसंग आपल्या वाशीम जिल्ह्यात, रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या एखाद्या गोठ्यातही घडतो. मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला आणि नेमका तेव्हाच जोडीतला एक बैल आडवा झाला, तर उरलेल्या एकट्या बैलाने औत चालत नाही. पेरणीचा दिवस टळतो. त्याबरोबर वर्षाचे पीकही धोक्यात येते.

डॉक्टर गोठ्यात येताच जनावराला हात लावीत नाहीत. प्रथम ते दुरून पाहतात. नाकाचा शेंडा ओलसर आहे की कोरडा? रवंथ चालू आहे का? शेण कसे पडले आहे? मग ते गुराख्याला विचारतात, कारण जनावराने काल काय खाल्ले हे त्यालाच ठाऊक असते. आणि हा गुराखी पुष्कळदा तुमच्याच वयाचा असतो. त्यानंतर ताप पाहावयाचा. गाईबैलांचे अंग निरोगी असतानाही आपल्याहून थोडे अधिक उष्ण असते; सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट.

समजा, बैलाची डावी भकाळी, म्हणजे फासळ्यांमागची खोलगट जागा, ढोलासारखी फुगली आहे. कोवळा ओला चारा भरपूर खाल्ल्याने कोठीपोटात वायू साचला की असे होते. फुगलेले पोट फुप्फुसांवर दाब देते आणि जनावर गुदमरते. अशा वेळी घाबरून तोंडात औषध ओतणे धोक्याचे असते, कारण ते श्वासनलिकेत उतरू शकते. प्रसंग आणीबाणीचा असेल, तर डॉक्टर भकाळीत अणकुचीदार नळी खुपसतात व तीतून वायू हळूहळू बाहेर सोडतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण जनावर वाचते.

मात्र साथीच्या रोगापुढे असे एकेक जनावर वाचवून भागत नाही. बुळकांडी नावाच्या रोगाने ताप, तोंडात व्रण आणि हगवण होऊन कळपच्या कळप मरत. गुरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा स्थापन झाली. दाट वस्तीत घातक जंतू बाळगणे बरे नव्हे, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविली. तेथेच १९२० नंतरच्या दशकात या रोगाचा विषाणू शेळ्यांमध्ये वाढवून सौम्य करण्यात आला व त्याची लस बनली. १९५४ मध्ये निर्मूलनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि लस टोचणारे लोक खेडोपाडी हिंडले. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांडीतून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मनुष्याने समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग होय.

मग फऱ्या का नाहीसा होत नाही? बुळकांडीचा विषाणू जनावराच्या शरीराबाहेर फार काळ टिकत नसे. फऱ्याचे जंतू बीजरूपाने मातीत वर्षानुवर्षे राहतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. त्यामुळे त्यांची लस दरवर्षी, पावसाळा सुरू होण्यापूर्वीच टोचून घ्यावी लागते.