ट्रॅक्टर घेताय? आधी ट्रॉलीचं वजन विचारा

दसरा जवळ आला की गटाच्या बैठकीत ट्रॅक्टरचा विषय निघतोच. ऊसवाहतुकीला लावू, कारखान्याचं बिल येईल, हप्ता फिटेल, असा हिशोब असतो. शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला : "किती एचपीचा?" आमचं म्हणणं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, मागं काय जोडणार आणि भरल्यावर त्याचं वजन किती होणार?

भार ओढायला इंजिन लागतं. थांबवायला मात्र ब्रेक आणि ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन लागतं. 50 एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर 2 टनांच्या आगेमागे भरतो. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या 20 टनांच्या पुढे जातात. म्हणजे एका बाईनं दहा जणींना दोरीनं धरून उतार उतरायचा! त्यात बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक मागच्या चाकांनाच असतात, ट्रॉलीला तर बहुधा नसतातच. ब्रेक दाबला तरी ट्रॉली मागून ढकलत राहते, आणि वळणावर असेल तर ट्रॅक्टर आडवा फिरतो. वाळवा, पलूसच्या सपाट रस्त्यावर हे लपून जातं. शिराळा, पाटणच्या चढउतारावर लपत नाही.

म्हणून दोन मॉडेल सारख्या एचपीची असतील तर दोन्हींचं वजन विचारा, आणि वाहतुकीसाठी जड असेल ते घ्या. हलका ट्रॅक्टर कोळपणीला चांगला, डिझेलही कमी खातो, पण भरलेल्या ट्रॉलीपुढं तो टिकत नाही. चढावर पुढची चाकं उचलू नयेत म्हणून पुढं वजनं लावून मिळतात, तीही मागून घ्या. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडायची. वर जोडली की ट्रॅक्टर मागं उलटायची भीती. पिनेला लॉक हवाच. घासलेली पिन बदलायला फार पैसे लागत नाहीत, तरी लोक वर्ष-वर्ष तीच चालवतात, हे आम्हाला कळत नाही.

ड्रायव्हर घरचा असो वा पगारी, दोन गोष्टी सांगून ठेवा. रस्त्यावर डावा-उजवा ब्रेक एकमेकांना जोडलेला असला पाहिजे. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा, कारण ऊस रात्रीही वाहतात.

आता कागदांचं. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचं आरसी बुक वेगळं. भरल्यावर किती वजन चालतं ते त्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. विमा शेतीकामाचा काढून भाड्यानं दुसऱ्याचा ऊस वाहिला, तर अपघातानंतर भरपाई अडते. वापर खरा सांगून विमा काढा. हप्ते हंगामाला धरून सहामाही मागा. कारखाना चार-पाच महिने चालतो, महिन्याचा हप्ता मात्र पावसाळ्यातही येतो.

शेवटचं, तोडणी मजुरांचं. बीड, जत, माणकडून टोळी येते तेव्हा भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळा संसार ट्रॉलीतच असतो. ट्रॉली मालवाहतुकीची आहे. माणसांना बसायला तिच्यात ना जागा, ना आधार, ना विमा. गटाचा ट्रॅक्टर टोळी आणायला जाणार असेल, तर सामान ट्रॉलीत आणि माणसं एसटीनं, असं मुकादमाशी उचल देण्याआधीच बोलून घ्या. एसटीच्या तिकिटांचा खर्च आपल्या हिशोबात धरा.