एक चित्र काढून द्याल का?

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्या गृहस्थाला लोक छांदिष्ट म्हणतात. जुनी नाणी जमवणाऱ्याला व्यासंगी म्हणतात. आणि साठी उलटलेला माणूस कॉमिक्स जमवतो असे कळले, की त्याच्या बायकोकडे सहानुभूतीने पाहतात. आमच्या सौभाग्यवतींना ही सहानुभूती गेली तीस वर्षे अव्याहत मिळत आली आहे. माझ्या कपाटात सहाशेवर कॉमिक्स आहेत. त्यांच्याखालच्या खणात चित्रकारांकडून मुद्दाम सांगून काढवून घेतलेली एक्केचाळीस चित्रे आहेत. पाहुणे यायचे असले, की त्या कपाटाचे दार नेमके लावलेले असते.

हे वेड मी काही शोधून आणले नाही, ते माझ्या पिढीच्या अंगावर चालून आले. १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी इंद्रजाल कॉमिक्स काढले आणि ली फॉक यांचा फँटम, म्हणजे आपला वेताळ, चाळीचाळींतून शिरला. मराठीतही हे अंक निघत. आमच्या गिरगावातल्या वाडीच्या तोंडाशी एक वाचनालय होते. तिथे दिवसाला दहा पैसे देऊन अंक घरी न्यायचा आणि दोघा भावांनी मांडीला मांडी लावून एकदमच वाचायचा. थोरल्याचे पान आधी संपे. "उलटू?" तो विचारी. "थांब!" मी ओरडे. त्याला वाटे, मला वाचायला वेळ लागतो. मी वाचत नसे. मी पाहत असे.

पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. वेताळ एकच, पण त्याला काढणारे हात निरनिराळे! एक वेताळ साधासुधा, ताठ पाठीचा, जणू कवायतीला उभा. दुसऱ्याचे खांदे भरदार, अंगावर सावल्यांचे पट्टे. चित्रकारांची नावे आम्हांला कुठून ठाऊक असणार? पहिला हात विल्सन मॅकॉय यांचा आणि दुसरा साय बॅरी यांचा, हे कळायला मला नोकरीला लागावे लागले. १९३६ साली ही मालिका सुरू झाली तेव्हा तिची चित्रे रे मूर काढत. बॅरींनी १९६१ मध्ये लेखणी हाती घेतली आणि १९९४ पर्यंत खाली ठेवली नाही. तेहेतीस वर्षे एकाच मुखवट्याच्या माणसाला रोज काढायचे! आमच्या कचेरीत हेडक्लार्क इतकी वर्षे टिकला असता, तर त्याला चांदीचे तबक दिले असते.

आणखी एक गंमत वाचकांना सांगायलाच हवी. वेताळाचा पोशाख कोणत्या रंगाचा? अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटलीत नि ब्राझीलमध्ये तांबडा! ली फॉक यांच्या मनात मुळात करडा होता म्हणतात. वर्तमानपत्रातल्या काळ्यापांढऱ्या पट्टीत रंगाचा प्रश्नच नव्हता. रविवारच्या रंगीत पानांची वेळ आली तेव्हा ज्याने त्याने आपापल्या डब्यातला रंग लावला.

मराठी अक्षरे बसवणाऱ्याचे हाल मात्र निराळे. चित्रातला तो बोलण्याचा फुगा इंग्रजी अक्षरांच्या मापाने कापलेला. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार! दोन ओळींत अंतर सोडले तर मजकूर मावत नाही, आणि न सोडले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराशी भांडतो. हे सगळे हाताने लिहीत, हो. त्या अज्ञात लेखनिकांना माझा दंडवत.

पुढे १९६७ साली अनंत पै यांची अमर चित्र कथा आली आणि आमच्या वडीलधाऱ्यांचा विरोध एका रात्रीत मावळला. कृष्ण हातात असल्यावर कोण रागावणार? तो 'कृष्ण' चितारला राम वाईरकरांनी. त्याच वाईरकरांनी पुढे 'टिंकल' मासिकात सुपंडी काढला. एकाच बोटांतून यशोदेचे लोणी आणि त्या वेंधळ्या नोकराचे डोके! पुण्याचे प्रताप मुळीक पौराणिक वीर काढीत आणि पुढे हिंदीतल्या नागराजालाही त्यांनीच रूप दिले. वसंत हळब्यांनी शिकारी शंभूच्या डोळ्यांवर टोपी अशी ओढून बसवली, की त्याचे डोळे कधी कुणी पाहिलेच नाहीत. पौराणिक असो की विनोदी, या चित्रांच्या मागे इतके मराठी हात राबत होते, आणि आपल्याकडे चित्रकार म्हटले की अजून फक्त भिंतीवरचे तैलचित्र डोळ्यांसमोर येते!

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले. मी मात्र चालूच राहिलो. माटुंग्याचा फुटपाथ, फाउंटनचे पुस्तकवाले, पुण्याला गेलो की अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची रद्दीची दुकाने. तेवढ्यावर भागत होते. पण २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटमध्ये भारतातले पहिले कॉमिक कॉन भरले. अनंत पै यांचा तिथे जीवनगौरव झाला आणि त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, ते गेले. पुढे ही जत्रा मुंबईतही भरू लागली, आणि तिथे मी प्रथम पाहिले की चित्रकार टेबल मांडून बसतो, आपण त्याच्यापुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, "एक चित्र काढून द्याल का?"

साठीच्या माणसाने पोरांच्या रांगेत उभे राहून हे म्हणायला छाती लागते. पण एकदा म्हटले, की पुढचे सुख काय वर्णावे! कोऱ्या कागदावर निळ्या पेन्सिलीची एक अंडाकृती रेघ उमटते, तिच्यावर एक आडवी, एक उभी. दोन मिनिटे काहीच कळत नाही. मग शाईचा ब्रश एकदा फिरतो आणि कागदातून कुणीतरी आपल्याकडे बघू लागते. छापील पान पाहून पन्नास वर्षे जे कळले नव्हते, ते या दहा मिनिटांत कळते. रेघ कुठे जोराने आली, कुठे श्वास रोखून आली, ते दिसते.

याचे काही रिवाज आहेत. जत्रेतले चित्र झटपटीचे. घरी सवडीने काढून घ्यायचे त्याला वेगळा दर आणि निम्मे पैसे आगाऊ. नुसता चेहरा हवा, कमरेपर्यंत हवे की पूर्णाकृती, हे आधी बोलावे. मंडईतली जीभ घरी ठेवून जावे. आणि चित्रकाराच्या खांद्यावरून वाकून "नाक जरा लहान करा" असे तर कदापि म्हणू नये. ते काय शिंप्याचे दुकान आहे? माझी मागणी सगळ्यांना एकच असते. तुमच्या आवडीचे पात्र काढा, पण ते चहा पीत असू द्या. एक्केचाळीस चित्रांत एक्केचाळीस चहा आहेत. राक्षस आहेत, ऋषी आहेत, अंतराळातली एक बाई आहे. तिने कप धरताना करंगळी वर केली आहे.

यातल्या शेवटच्या चित्राबद्दल थोडे सविस्तर सांगतो.

माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली सतरा खिसापुस्तके आहेत, एका बंद पडलेल्या प्रकाशनाची. आत चित्रकाराचे नाव नाही. पण सतराही एकाच माणसाने काढली आहेत हे मी पैजेवर सांगे. त्याची माणसे जमिनीवर उभी असत. अनवाणी पायांची बोटे मातीत रुतलेली. जत्रेत एका तरुण चित्रकाराला मी पान दाखवले, तर तो उडालाच. "हे तर आमच्या सरांचे पाय!"

सर पुण्यात, पेठेत, मुलाकडे राहतात. वय ब्याऐंशी. मी गेलो, सतरा पुस्तके पुढे ठेवली. त्यांनी एकेक उघडून पाहिले आणि म्हणाले, "माझ्याकडे एकही नाही हो." बत्तीस पानांचे पुस्तक ते बारा दिवसांत काढून देत. मूळ पाने प्रकाशकाकडेच राहत, आणि धंदा मोडला तेव्हा ती वजनावर विकली गेली. हे त्यांनी तक्रार म्हणून नाही, हवापाणी सांगावे तसे सांगितले.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. सुपरमॅनचे जनक सीगल आणि शुस्टर यांनी त्याचे सारे हक्क १९३८ साली १३० डॉलर्सना दिले. ज्या चेकात ती रक्कम होती तो चेक २०१२ मध्ये एक लाख साठ हजार डॉलर्सना लिलावात गेला. जॅक कर्बीसारख्या दिग्गजाला आपलीच पाने परत मागण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९८७ मध्ये सुमारे दोन हजार मिळाली. काढली होती त्याच्या कितीतरी पट.

मी म्हटले, "सर, या मुखपृष्ठावरचा घोडेस्वार मला पुन्हा काढून द्याल का?"

"तेच पुन्हा कशाला?" ते म्हणाले. "हा घोडा चुकलाय. मागचा पाय बघा. तेव्हा घाई होती. घोडा नीट काढून देतो. पण हात कापतो आता. वेळ लागेल."

"कितीही लागू दे. आणि पैसे?"

ते संकोचले. "पानाला पंचवीस मिळत. आता महागाई आहे, तुम्ही शंभर द्या."

मग आमच्यात जी घासाघीस झाली तशी मी आयुष्यात केली नाही. मी वर ओढतो आहे, ते खाली! स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी आठ हजारांवर ते कसेबसे कबूल झाले, तेही खाली मान घालून. घरी येऊन मी सांगितले तेव्हा मला वाटले, आता ताशेरे. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "निम्मे आगाऊ कसले देता? सगळेच पाठवून द्या आजच."

पाच महिने लागले. सूनबाई अधूनमधून फोन करीत. डाव्या हाताने उजवे मनगट धरून काढतात, सकाळी ऊन येते तेवढा तासभरच. एकदा सगळे फाडले. दुसऱ्यांदा घोड्यापाशी येऊन थांबले आणि टांग्याच्या घोड्याचे जुने फोटो शोधायला लावले.

चित्र आले ते पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून. स्वार घोड्यावरून खाली उतरला आहे, उकिडवा बसून बशीतून चहा पितो आहे, पायांची बोटे मातीत. मागे घोडा उभा, चारही पाय जागच्या जागी, जरा वैतागलेला. रेघ कुठे कुठे थरथरली आहे. ती त्यांनी पांढऱ्या रंगाने झाकलेली नाही. निळ्या पेन्सिलीच्या खुणाही तशाच आहेत. आणि खाली उजव्या कोपऱ्यात संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तारीख घालून. शाळेच्या दाखल्यावर घालतात तसे.

ते चित्र कपाटात गेले नाही. दिवाणखान्यात ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावले आहे. जागा सौभाग्यवतींनी ठरवली.

गेल्या आठवड्यात सूनबाईंचा पुन्हा फोन आला. सरांना दोन नंबरचा ब्रश आणि पाण्याने न फुटणारी काळी शाई हवी आहे, मुंबईत मिळते तीच. आणि ती सतरा पुस्तके आठवडाभर बघायला मिळतील का, असे विचारीत होत्या. म्हणे त्यांत आणखी बरेच घोडे आहेत.

पुस्तके कापडी पिशवीत भरून ठेवली आहेत. शनिवारी सकाळच्या इंद्रायणीने पुण्याला निघतो आहे.