दादरचा कचरा गेला कुठे?

दादरच्या आखीव वसाहती प्लेगच्या धास्तीतून उभ्या राहिल्या. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतल्या मांडवीत प्लेगचे निदान केले. रोग दुर्गंधीतून फैलावतो, असाच तेव्हा बहुतेकांचा समज होता, म्हणून गटारे धुतली गेली, कार्बोलिक ओतले गेले. खरा वाहक उंदरांवरची पिसू, हे पक्के व्हायला दहाएक वर्षे गेली. त्यातले बरेच काम दादरपासून हाकेच्या अंतरावर, परळच्या प्लेग प्रयोगशाळेत (आजच्या हाफकिन संस्थेत) झाले. उंदरांना पोसत होती ती माणसाची खरकटी आणि उघडे धान्य. प्लेगच्या याच धास्तीतून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या दादर-माटुंगा योजनेतून हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आकाराला आल्या. रस्ते रुंद झाले, इमारतींमध्ये मोकळी हवा खेळू लागली.

पण कामगारांच्या चाळींच्या पाठीशी घरगल्ली होतीच. दोन इमारतींमधली जेमतेम माणूस शिरेल एवढी ही फट. मोऱ्यांचे पाणी तिथेच पडायचे आणि वरच्या खिडक्यांतून भाजीचे देठ, माशांची खवले, नारळाच्या शेंड्याही तिथेच यायच्या. घर लख्ख आणि गल्ली बरबटलेली! ती उपसायला उतरायचा तो पालिकेचा सफाई कामगार, बहुधा दलित. त्याच्या पायाला झालेली जखम महिनोन् महिने भरत नसे.

पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर कचराकुंड्या आल्या. घरगल्लीतला काही भार तिकडे गेला, पण उंदीर, माश्या आणि भटकी कुत्रीही तिकडेच गेली. आणि कुंडीतला कचरा? शहराचा कचरा तर कुंड्यांच्या आधीपासूनच बाहेर चालला होता. १९०६ मध्ये चेंबूरकडे रेल्वे टाकली ती कचरा वाहण्यासाठीच, आणि १९२७ मध्ये देवनारच्या क्षेपणभूमीचे पर्व सुरू झाले. दादरकरांचा प्रश्न सुटला, म्हणजे तो देवनारशेजारच्या गोवंडीकरांच्या उंबऱ्याशी जाऊन बसला. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात देवनार ज्या एम-पूर्व विभागात येते, तो शहरात तळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डोंगर पेटला आणि त्या धुराने शाळा बंद ठेवायची वेळ आली, तेव्हा कुठे उरलेल्या मुंबईला त्याची झळ लागली.

दादरचीही सुटका झालेली नव्हती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दादरच्या हिंदमाता परिसरात पाणी तुंबणे नवे नव्हते. त्या वर्षी मात्र प्लास्टिकच्या पिशव्यांनी गटारांची तोंडे बुजवली होती, हे साऱ्या शहराला दिसले. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. उंदरांच्या मूत्रातले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. एका शतकानंतर पुन्हा उंदीरच, फक्त रोगाचे नाव नवे.

या काळात एक बदल मात्र दादरमधूनच झाला. दादर पूर्वेला कार्यालय असलेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ कार्यक्रमात कचरावेचक बायकांना संघटित केले. त्यांचे म्हणणे सोपे होते : ओले-सुके घरातच वेगळे करा. मिसळलेल्या पिशवीत हात घालणाऱ्या बाईला फुटकी काच, इंजेक्शनची सुई आणि कागदात न गुंडाळलेले सॅनिटरी पॅड एकाच मुठीत भेटतात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केले, २०१७ मध्ये पालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. काही सोसायट्यांत खताचे खड्डे झाले, कित्येक ठिकाणी दोन बादल्यांतले एकाच गाडीत ओतले जाते अशी तक्रार आजही ऐकू येते.

सव्वाशे वर्षांत आपण कचरा घराबाहेर, मग गल्लीबाहेर, मग वॉर्डाबाहेर ढकलला. त्याच्यासोबत आजारही सरकला, पण तो कमी झाला नाही. त्याचा पत्ता तेवढा बदलला. तो खरोखर कमी करायचा, तर काम मोरीशेजारच्या बादलीपाशी सुरू होते. त्या दोन बादल्या वेगळ्याच उचलल्या जातात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र पालिकेची.