‘एम’ अक्षराचे आडनावबंधू



अकरावीचे वर्ग सुरू झाले की पहिल्या पंधरवड्यात मी मुलांना एक प्रश्न हमखास विचारतो. ‘मोमेंट’ आणि ‘मोमेंटम’ यांत फरक काय?

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, मोमेंट म्हणजे क्षण आणि मोमेंटम म्हणजे त्याहून थोडा मोठा क्षण.” सारा वर्ग हसला. तो मुलगा खाली बसला तो पुढे महिनाभर वर्गात बोललाच नाही. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकलेला होता. एकदा तास संपल्यावर मी त्याला थांबवले आणि विचारले, “संवेग म्हणजे काय?” त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार. त्याला दिशा असते. बाहेरचे बल नसेल तर एकूण संवेग कायम राहतो.”

उत्तर अगदी बिनचूक होते. म्हणजे त्याला मोमेंटम येत होते. फक्त ते आपल्याला येते हे त्याला माहीत नव्हते!

असे का होते? विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकात सारख्या दिसणाऱ्या, एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांची दाटी असते. एकट्या ‘एम’चेच पाहा: मास, मॅटर, मोमेंट, मोमेंटम, मॉलिक्यूल, मोल, मीटर. आपल्याकडे एकाच आडनावाची दोन माणसे भेटली की ती एकमेकांना आडनावबंधू म्हणतात. पण तेवढ्याने ती नातलग ठरत नाहीत. काही खरोखर एका कुळातली निघतात, काहींचा एकमेकांशी संबंध नसतो. ‘एम’च्या या मंडळींचेही तसेच आहे. चला, एकेकाची ओळख करून घेऊ या.

पहिला शब्द ‘मास’. लॅटिन भाषेत ‘मासा’ म्हणजे गोळा. तो शब्द ग्रीक भाषेतून आला आणि तिथे त्याचे मूळ ‘मळणे’ या क्रियेत आहे. परातीत मळून ठेवलेला कणकेचा गोळा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे मूळ अर्थ समजेल. रोजच्या इंग्रजीत ‘मास’ म्हणजे ढीग, गोळा किंवा लोकसमुदाय. भौतिकशास्त्रात मात्र त्याचा अर्थ एकच: वस्तुमान, म्हणजे पदार्थातील द्रव्यसंचय. पदार्थ आपल्या वेगात बदल होऊ देण्यास किती विरोध करतो, याचेही ते माप आहे. एकक किलोग्रॅम.

मास म्हणजे वजन नव्हे, हे तुम्ही शिकला आहातच. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे पृथ्वीवरील वजन सुमारे ४९० न्यूटन भरते. तोच माणूस चंद्रावर उभा राहिला तर ते सुमारे ८१ न्यूटन होते. वस्तुमान मात्र दोन्हीकडे ५० किलोग्रॅमच राहते. बाजारात आपण ‘दोन किलो वजनाचे कांदे’ मागतो तेव्हा भौतिकशास्त्राच्या भाषेत आपण दोन किलो ‘मास’ मागत असतो!

चर्चमधील प्रार्थनाविधीलाही इंग्रजीत ‘मास’ म्हणतात. त्या शब्दाचे स्पेलिंग अगदी हेच आहे. पण तो आला लॅटिन ‘मिस्सा’ या शब्दापासून. गोव्यात त्या विधीला ‘मीस’ म्हणतात, त्यात हे मूळ अजून ऐकू येते. आणि चैत्रमास, श्रावणमास यांतला आपला ‘मास’? त्याचा नातलग आहे इंग्रजीतला ‘मंथ’. वस्तुमानाच्या ‘मास’शी त्याचे काही नाते नाही. हे झाले नुसते आडनावबंधू.

आता ‘मॅटर’. लॅटिनमध्ये ‘मातेरिया’ म्हणजे इमारती लाकूड, कोणतीही वस्तू घडवण्याचा कच्चा माल. या शब्दाचे मूळ ‘मातेर’ म्हणजे आई या शब्दात सापडते. आपल्या ‘मातृ’ शब्दाची ती सख्खी बहीण. झाडाच्या खोडातून जशा फांद्या फुटतात, तशा ज्यातून वस्तू निर्माण होतात ते मॅटर. रोजच्या बोलण्यात ‘व्हॉट इज द मॅटर?’ म्हणजे ‘काय झाले?’. भौतिकशास्त्रात मॅटर म्हणजे द्रव्य: जे जागा व्यापते आणि ज्याला वस्तुमान असते ते. मग मास आणि मॅटर यांत फरक कोणता? मॅटर ही चीज आहे, मास हे तिचे माप. दूध आणि ‘एक लिटर’ यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथात सुरुवातीलाच मासची ओळख ‘द्रव्याचे परिमाण’ अशी करून दिली आहे.

आता येतात ती मोमेंट आणि मोमेंटम ही जुळी भावंडे. यांचा गोंधळ उडाला तर तुमचा दोष नाही, कारण ती खरोखरच एका कुळातली आहेत. लॅटिनमध्ये ‘मोवेरे’ म्हणजे हलणे किंवा हलवणे. त्यापासून ‘मोमेंटुम’ शब्द झाला. तराजूची दांडी किंचित कलायला जो कणभर भार पुरतो, त्यालाही हा शब्द वापरत. या एका चित्रातून तीन अर्थ फुटले. कणभर भार, म्हणून कणभर काळ, म्हणजे क्षण. पारडे फिरवणारा, म्हणून महत्त्वाचा. इंग्रजीतल्या ‘मोमेंटस’ या शब्दात हा अर्थ आहे. आणि दांडी फिरवण्याची क्षमता हा तिसरा अर्थ. भौतिकशास्त्राने मोमेंटचा हा तिसरा अर्थ उचलला.

तेव्हा भौतिकशास्त्रातला मोमेंट म्हणजे आघूर्ण, फिरवण्याचे माप. बल गुणिले अक्षापासून बलाच्या रेषेपर्यंतचे लंब अंतर. घरातल्या दाराची मूठ बिजागरीपासून दूर का बसवतात? जात्याचा खुंटा मध्यावर न बसवता कडेला का ठोकतात? एक पाना घ्या. नटाच्या मध्यापासून ०.३ मीटर अंतरावर २० न्यूटन बल काटकोनात लावले तर आघूर्ण होते ६ न्यूटन-मीटर. हात अर्ध्यावर आणला तर तेच बल केवळ ३ न्यूटन-मीटर आघूर्ण देते. पुढे तुम्हांला ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ भेटेल. त्यातही क्षणाचा काही संबंध नाही. तो जडत्वाचा आघूर्ण आहे.

मोमेंटम म्हणजे संवेग: वस्तुमान गुणिले वेग. येथे अक्ष नाही, फिरणे नाही. धावणाऱ्या वस्तूत साठलेली ‘गती’ आहे. न्यूटनने त्याला ‘गतीचे परिमाण’ असेच म्हटले होते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने आला तर त्याचा संवेग होतो ०.१६ × ३० = ४.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. झेल घेताना हात मागे नेतात ते हा संवेग सावकाश शून्यावर आणण्यासाठी.

आता एककांकडे पाहा. मोमेंटचे न्यूटन-मीटर, मोमेंटमचे किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. दिसायला जुळी असली तरी या भावंडांची एकके वेगवेगळी आहेत. परीक्षेत गोंधळलात तर शब्दाकडे पाहत बसू नका, एककाकडे पाहा.

यानंतर मॉलिक्यूल आणि मोल. लॅटिन ‘मोलेस’ म्हणजे मोठा ढीग, मोठा भार. समुद्रात लाटा अडवण्यासाठी दगडांची जी भिंत घालतात तिला इंग्रजीत ‘मोल’ म्हणतात, ती यावरूनच. या ‘मोलेस’चे लघुरूप ‘मोलेक्युला’, म्हणजे इवलासा ढीग. तोच आपला मॉलिक्यूल, अर्थात रेणू. मग जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘मॉलिक्यूल’च्या जर्मन रूपाचे शेपूट छाटून ‘मोल’ हे एककाचे नाव रूढ केले. गंमत पाहा: लहान ढिगाच्या नावातून पुन्हा मोठ्या ढिगाचे नाव तयार झाले!

मोल म्हणजे मोजणीचे एक परिमाण. केळी आपण डझनाने मोजतो, वह्या ग्रोसने. रेणू इतके लहान की डझनाने त्यांचे भागत नाही. म्हणून त्यांचा गठ्ठा प्रचंड मोठा ठरवला. २०१९ सालापासून अमलात असलेल्या व्याख्येप्रमाणे एका मोलमध्ये नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण असतात. चहाचे साडेतीन-चार चमचे पाणी, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम, हा पाण्याचा एक मोल. शब्दकोशात ‘मोल’पुढे अंगावरचा तीळ आणि जमिनीत बिळे करणारा एक प्राणी हेही अर्थ दिलेले असतात. ते निव्वळ आडनावबंधू. रसायनशास्त्राच्या पेपरात त्यांना जागा नाही.

शेवटी ‘मीटर’. या परक्या पाहुण्याला आपल्या घरातच नातलग आहेत. ग्रीक ‘मेत्रोन’ म्हणजे माप. त्याच प्राचीन धातूपासून संस्कृतातले ‘मा’ म्हणजे मोजणे, आणि त्यावरून मात्रा, मान, प्रमाण, परिमाण हे शब्द आले. म्हणजे ‘वस्तुमान’ आणि ‘तापमान’ यांतले ‘मान’ हे मीटरचे दूरचे भाऊबंदच. कवितेच्या वृत्तालाही इंग्रजीत ‘मीटर’ म्हणतात आणि आपण वृत्ताच्या ‘मात्रा’ मोजतो, हा योगायोग नव्हे. फ्रान्समध्ये १७९० नंतरच्या दशकात मीटर ठरला तो उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. १९८३ पासून तो प्रकाशावरून ठरतो: निर्वात जागेत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जितके अंतर जातो तितका एक मीटर.

आणखी एक सापळा आहे. सूत्रातला छोटा ‘एम’ वस्तुमान दाखवतो, आकड्यापुढचा छोटा ‘एम’ मीटर, आणि दोन ‘एम’ शेजारी आले तर पहिला मिली आणि दुसरा मीटर! चांगल्या छापील पुस्तकात वस्तुमानाचा ‘एम’ तिरपा आणि मीटरचा सरळ असतो, हे मुद्दाम पाहा. शिवाय छोटा ‘एम’ मिली तर मोठा ‘एम’ मेगा. मिलिवॅट लिहिताना अक्षर मोठे पडले तर तुम्ही उत्तर १०० कोटी पटींनी वाढवले असे समजा.

तुम्ही म्हणाल, सर, मग शब्दांची मुळेच पाठ करू का? नाही. मूळ शब्द लक्षात ठेवायला मदत करते, पण विज्ञानात शब्दाचा अर्थ ठरवते ती व्याख्या. कणकेचा गोळा आठवून मास हा शब्द लक्षात राहील, पण त्यावरून गणित सुटणार नाही.

म्हणून एक साधी वही करा. पानावर चार रकाने आखा: इंग्रजी शब्द, त्याचा रोजचा अर्थ, मराठी पारिभाषिक शब्द, आणि व्याख्या व एकक. ‘मोमेंटम’पुढे ‘संवेग’ लिहिलेत की दहावीपर्यंत शिकलेले सारे त्या शब्दामागे येऊन उभे राहील. तुमचे ज्ञान कुठे हरवलेले नाही. त्याने फक्त नवे नाव घेतले आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. अकरावीच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत एकदा तरी फळ्यावर लिहावी. त्याला अर्धे मिनिट लागते. मागच्या बाकावर गप्प बसलेल्या एखाद्या मुलाला भौतिकशास्त्र येत नाही, असे आपण ठरवून बसलेलो असतो. त्याला फक्त ‘मोमेंटम’ हा शब्द येत नसतो.

आता थोडा गृहपाठ. ‘पी’ अक्षर घ्या. ‘पॉवर’ हा शब्द गणितात, भौतिकशास्त्रात, चष्म्याच्या दुकानात आणि वर्तमानपत्राच्या राजकीय बातमीत कोणकोणत्या अर्थाने येतो ते शोधा. मग प्रेशर आणि पोटेन्शिअल यांच्या मागे लागा. कोण खरे भाऊबंद आणि कोण नुसते आडनावबंधू, हे या वेळी तुम्हीच ठरवा.